चाळीस सेंटिमीटर पाणी

काकूंचा फोन आला तेव्हा मी हावडा स्टेशनवर होतो. "हे गेले रे सकाळी," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आलास की आधी टाकी बघ हं, माणसं येतील." गेल्या महिन्यातली गोष्ट. बिवलकरांकडे शोकसुद्धा टाकीपासून सुरू व्हायचा…

कोलकात्याच्या बेहाल्यातल्या आमच्या दुमजली घरात नाना बिवलकर आणि काकू वर, आम्ही खाली. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांच्या टाक्यांत फीत सोडायची, तेलाची उंची मोजायची आणि त्यावरून लिटर काढायचे, यात नानांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर जहाजं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी गच्चीवरची टाकी धरली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. रोज सकाळी तिच्यात सेंटिमीटरच्या खुणांची चपटी लाकडी काठी बुडवून ते जिन्यातून पुकारा करत, "बहात्तर सेंटिमीटर! सातशेवीस लिटर!"

आतून काकू, "बादल्या किती ते सांगा!"

"बादली हे माप नव्हे."

"मग काठीनंच आंघोळ करा!"

वीस वर्षं हे चाललं. ना ते बादलीवर आले, ना त्या लिटरवर.

एकदा नाना पुण्याला गेले आणि काठीचं राज्य माझ्याकडे आलं. नेमके त्याच दिवशी नळ बंद. मी ऐटीत काठी बुडवली. चाळीस सेंटिमीटर. रोजचा पुकारा ऐकूनही माझा हिशेब असा: मीटरचे सेंटिमीटर शंभर, म्हणून भरल्या टाकीत लिटर शंभर, म्हणजे उरले चाळीस! मी आरोळीच ठोकली, "चाळीसच लिटर उरलंय, भरून घ्या!" बादल्या, पातेली, कुकर, मुलीची शाळेची बाटली… घरातली भांडी संपली, टाकी संपेना. फोनवर नाना ठसका लागेपर्यंत हसले. "अरे गाढवा, पाणी नुसतं उभं असतं का? त्याला लांबी-रुंदीही असते. सेंटिमीटरमागे दहा लिटर. चारशे होते!"

शेवटी त्यांना गच्ची चढवेना. आपल्यामागे काकूंना पाण्याचा अंदाज कसा येणार, हाच घोर. "तिला दहानं गुणायला शिकव रे," म्हणाले. मी प्रयत्न केला. काकूंनी मलाच कोथिंबीर आणायला पिटाळलं. मग एके दिवशी नानांनी काठी अंथरुणावर मागून घेतली.

परवा गच्चीवर गेलो. काठी आपल्या खिळ्याला होती. सहज उलटी केली. मागच्या बाजूला, दर दोन सेंटिमीटरवर, वाकडीतिकडी कोरलेली एकेक नवी रेघ. वर लिहिलं होतं, 'बादल्या'. काकूंची बादली वीस लिटरची.

मी काठी बुडवली.

"किती रे?" खालून काकू.

"सव्वीस बादल्या, काकू."

खाली बादली टेकवल्याचा आवाज झाला… मग काकू, "म्हणजे पाचशेवीस लिटर."