न थरथरलेला पट्टा

हृदयविकारानंतर डॉक्टरांनी माझ्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला. तासभर बसून राहिलो की तो थरथरतो, आणि पावलांचा आकडा डॉक्टरांच्या मोबाइलवर जातो. काल “जरा घालून बघ” म्हणत तो मी पत्नीच्या हाती बांधला आणि शब्दकोडे सोडवत बसलो.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, “सर, आज पैकीच्या पैकी!”

गुडघा चोळत पत्नी म्हणाली, “अहो, बिघडलाय हा. दिवसभरात एकदाही थरथरला नाही.”

इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेले तिचे न बसणे मला एका यंत्राने दाखवून द्यावे! शिक्षक असताना कॉपी करणाऱ्या मुलांना मी नेहमी बाकावर उभे करीत असे. मी उभा राहिलो.

“तू बस,” म्हटले, “चहा मी करतो.”