दिग्रसची पळस रेकॉर्ड कंपनी

रेकॉर्ड आम्ही मोजक्याच काढल्या. किस्से मात्र इतके साचले, की कोणी नुसतं "ते पळसचं काय होतं हो?" असं विचारलं तरी चहाची दुसरी फेरी सांगावी लागते.

पळस म्हणजे मी आणि रहीमभाई. माझं दिग्रसला कापडाचं दुकान. रहीमभाई शिलाई मशीन आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचे. दोघांनाही गाण्याचं वेड. मुंबईच्या रेकॉर्डी गावात यायच्या, पण आमच्या भागातलं गाणं कोणी काढत नव्हतं. साठ सालच्या आसपास नागपूरहून एक जुनी टेप मशीन मिळाली आणि रहीमभाई म्हणाले, "आपणच काढू ना. कोणाची वाट पाहून राह्यलो?" इथं टेप भरायची, कलकत्त्याच्या कारखान्यात पाठवायची, तिकडून रेकॉर्डी छापून यायच्या. एवढीच आमची कंपनी.

* * *

स्टुडिओ म्हणजे एका जिनिंगचं गोदाम. चारी बाजूंनी कापसाच्या गाठी रचल्या की बाहेरचा आवाज आत येत नसे. पहिल्याच रविवारी एका भजनीबुवांना बसवलं. आवाज सुंदर, पण कापसाचा तंतू नाकात गेला आणि अगदी शेवटच्या ओळीला बुवा शिंकले. पुन्हा भरलं, तर तबलजी शिंकला. बुवांची शिंक निदान सुरात होती, म्हणून पहिली टेप पाठवून दिली.

ती रेकॉर्ड बुवांच्या गावात इतकी वाजली, की पुढे ते देवळात गायला बसले आणि शेवटी शिंकले नाहीत, तर लोक काळजीने विचारायचे, "बुवा, आज तब्येत बरी नाही काय?"

* * *

सोमलीबाई आमची सगळ्यात मोठी गायिका. जवळच्या बंजारा तांड्यावरची. दिवसा शेतात, आणि होळी आली की गाण्यात. तिला मी समजावलं, की रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावतात. ती म्हणाली, "तीन मिनिटांत तं आमच्या गाण्यातली बाई घरातून बी निघत नाही."

शेवटी ठरलं, की रहीमभाईंनी हात वर केला की थांबायचं. त्यांनी हात वर केला आणि ती थांबली, ओळीच्या अगदी मधोमध. मग आम्ही तिला टेप ऐकवली. स्वतःचा आवाज तिने जन्मात प्रथमच ऐकला होता. शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "चांगली गाते. कोण्या तांड्याची हाय?"

कलकत्त्याहून रेकॉर्ड आली, तर वर नाव छापलेलं, 'श्रीमती शोमोली देवी'. मी वैतागलो. तांड्यावर मात्र सगळे तिला देवी म्हणू लागले. नवऱ्याला तेवढी सवय व्हायला वेळ लागला.

ती रेकॉर्ड घेऊन आम्ही तांड्यावर गेलो होतो. गाणं अर्ध्यात तुटलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रहीमभाईंनी सुई उचलली, तशी बायकांनी पुढची ओळ धरली. गाण्यातली बाई घरातून निघाली, नदीवर गेली, माहेरी पोचली. आम्ही ग्रामोफोन मिटून ऐकत बसलो.

* * *

आर्णीच्या बाजारात आम्ही बैलगाडीवर ग्रामोफोन लावून रेकॉर्डी विकायचो. एक शेतकरी दोन्ही बाजू मन लावून ऐकून म्हणाला, "हे वरचं गाणं द्या बांधून. मागचं काही मले जमलं नाही, ते तुम्हीच ठेवा."

रहीमभाईंनी त्याला मागची बाजू पुन्हा लावून दिली. आवडेपर्यंत. गिऱ्हाईक तिथंच जेवलं.

* * *

सोमलीबाईचं एक गाणं आम्हाला फार हवं होतं. ढावलो. बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघताना गळ्यात पडून रडत म्हणतात ते. दुकानदार ते मागायचे, कारण असली रेकॉर्ड कोणाकडेच नव्हती. पण सोमलीबाई दर वेळी नाही म्हणायची. मी फारच गळ घातली तेव्हा म्हणाली, "कोणी जाऊन नाही राह्यलं भाऊ. मग कोणासाठी गाऊ?"

पुढच्या उन्हाळ्यात रहीमभाईंच्या मुलीचं, जमिलाचं लग्न झालं. जमिलाची आई ती लहान असतानाच गेली होती. आमच्या रेकॉर्डिंगला चहा घेऊन यायची ती जमिलाच. घर एसटी स्टँडला लागूनच. वऱ्हाड अकोल्याच्या गाडीत बसलं, जमिला पायरीशी आली, आणि गर्दीतून सोमलीबाई पुढे झाली. तिला कोणी बोलावलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिने जमिलाला कवेत घेतलं, कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं आणि ढावलो सुरू केला.

सगळा स्टँड भोवती गोळा झाला. भाषा कळत नव्हती तेही रडत होते. निकाहचे बोल भरून घ्यायला आणलेली मशीन रहीमभाईंच्या ओसरीवरच होती. वायर गाडीपर्यंत सहज पुरली असती. मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "मशीन लावू?"

रहीमभाईंनी नाही अशी मान हलवली आणि माझं मनगट धरून ठेवलं.

ड्रायव्हरने इंजिन केव्हाच बंद केलं होतं. गाडीला उशीर होत होता. शेवटी तो खाली उतरून आला आणि हळूच म्हणाला, "चाचा, गाडी काढू काय?"

रहीमभाईंनी डोळे पुसले नाहीत. म्हणाले, "बाईले विचारा."