पान वाढ

लग्न होऊन मी घाटंजीहून दारव्ह्याला आले. पहिल्याच आठवड्यात सासरे, म्हणजे आमचे मामाजी, जेवून हात धुऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, “सूनबाई, पान वाढ.” मी पुन्हा ताट वाढलं. भाकर, वरण, ठेचा, सगळं. त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले. असं तीन-चार दिवस चाललं. माणूस काटकुळा, पण पोट आहे की पेव, असं मी मनात म्हणायची. शेवटी सासूबाईंना हसू आवरेना.

“अवं, त्याहिले जेवाले नाही, पुस्तक पाह्यजे!”

“मंग खाल्लं काहून?” मी चिडलेच.

“वाढलेलं पान वापस करत नसतेत,” मामाजी म्हणाले. “नवी पोरगी, तुले वाईट वाटलं असतं.”

एकाहत्तरच्या लढाईत ते पकडले गेले होते आणि वर्षभर शत्रूच्या छावणीत कैदेत होते. तिथल्या हालांविषयी ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते एका मराठी पुस्तकाविषयी. कुठल्याशा पार्सलातून आलेलं, कव्हर फाटलेलं. बराकीत मराठी वाचणारे बरेच आणि पुस्तक एकच. मग ठरलं, संध्याकाळी एकानं एकच पान मोठ्यानं वाचायचं, पुढचं उद्या. कोणी चोरून पुढचं वाचलं तर त्याच्याशी दिवसभर अबोला. ताटात रोज तीच पाणचट डाळ, म्हणून या वाचण्यालाच ते ‘पान वाढणं’ म्हणू लागले.

“आमच्यापाशी रोज उद्याचं एक पान होतं,” ते सांगायचे. “ज्याच्यापाशी काहीच नव्हतं, ते पोरं खचले.”

पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. घरी आल्यावरही त्यांनी नियम मोडला नाही. कितीही रंगलेली गोष्ट असो, रोज एकच पान. मला तर हा निव्वळ छळ वाटायचा. त्यांचे डोळे गेल्यापासून मीच वाचून दाखवते, आणि पुढचं पान चोरून वाचून घेते.

या हिवाळ्यात ते तापानं पडले. ताप उतरला, पण जेवण सुटलं ते सुटलंच. ताट आलं की तोंड फिरवायचे. पोटात काही गेलं नाही तर हातातून जातील, असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्या संध्याकाळी मी पान वाचून थांबले, तर म्हणाले, “आज थांबू नको. सारं वाचून टाक.”

या वेळी मला अर्थ बरोबर कळला, आणि असा संताप आला!

“नाही वाचत. नियम तुमचाच हाये. बाकीचं उद्या.”

“उद्या कोनं पाह्यला?”

“तुमीच पाहा.”

मी पुस्तक मिटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि अबोला धरला. स्वयंपाकघरात भाकर थापताना मी रडले. म्हाताऱ्यानं गोष्टीचा शेवट तेवढा मागितला होता, आणि मी तोही दिला नाही.

सकाळी चहाचं आधण ठेवत होते, तोच आतून आवाज आला, “सूनबाई, पान वाढ.”

सकाळी त्यांनी पान कधीच मागितलं नव्हतं. कोणतं, ते मी विचारलं नाही. ताटलीत दूध-भाकर कुस्करली, पुस्तक काखेत मारलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“वाढलेलं पान वापस करत नसतेत,” मी म्हटलं, आणि पहिला घास त्यांच्या तोंडाशी नेला.