भित्र्या गोदीचे प्रवास

जव्हारकडच्या साखरशेतजवळच्या पाड्यावर गोदी वांगडचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग तिच्या चित्रांबद्दल बोलतात. हसतात ते तिच्या भित्रेपणाला. लहानपणी ती विहिरीत डोकावायची नाही. बोहाड्याच्या उत्सवात राक्षसाचं सोंग नाचत आलं की आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. माणूस वाढतं तशी भीती कमी होते म्हणतात. गोदीची भीती तिच्याबरोबर वाढत गेली.

लग्न होऊन ती मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेली. घर एकलं, पाठीमागे लागूनच जंगल. नवरा सोम्या पावसाळा सरला की वीटभट्टीवर निघून जायचा. असंच एकदा तो भट्टीवर असताना, भल्या सकाळी, अंगणातली शेळी बिबट्यानं ओढून नेली. गोदीनं ते दाराच्या फटीतून पाहिलं. ऊन वर येईपर्यंत तिला हलता आलं नाही. मग तिनं दाराला कडी घातली आणि चालत सुटली ती थेट माहेरी. सोम्या न्यायला आला, पुन्हा आला, मग यायचा थांबला. वाघाला भिऊन नवरा सोडला, असं बोलणारे बोलले.

माहेरी थोरला भाऊ होता, तुळशीदास. तो चित्रं काढायचा. गेरूनं रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या रेघांनी लग्नाचा चौक, तारप्याचा नाच, भाताची लावणी, झाडं, मुंग्या. शहरातल्या प्रदर्शनांतून त्याला बोलावणी यायची. गोदी त्याच्या शेजारी बसून बांबूच्या काडीनं रेघा ओढू लागली, आणि थोड्याच वर्षांत तिची रेघ त्याच्याहून बारीक झाली. मग तो बाहेर जाताना तिला घेऊन जायला लागला. रंग कालवायला कुणीतरी हवं, असं म्हणायचा.

भावामागून गोदीनं मुंबई पाहिली, दिल्ली पाहिली, कलकत्ता पाहिलं. पाहिलं म्हणजे भावाची पाठ पाहिली. गर्दीत ती त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून चालायची. तो रिक्षावाल्याशी हुज्जत घालायचा, साहेब लोकांशी हिंदीत बोलायचा, सरकत्या जिन्यावर बेधडक पाय ठेवायचा. गोदीला वाटायचं, देवानं दोघा भावंडांत भीती वाटून दिली तेव्हा सगळी माझ्या पदरात टाकली.

मग तुळशीदासला लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. दिल्लीच्या प्रदर्शनाला त्यानं आधीच होकार दिला होता आणि चित्रं पुढं गेली होती. तिकडून फोन आला तेव्हा गोदी पडवीत नाचणी पाखडत होती. आतून भावाचे जड शब्द तिला ऐकू आले. गोदी येईल, एकटी येईल, असं तो सांगत होता. तिच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि नाचणी सांडली.

ती गेली. कशी गेली ते तिचं तिलाच माहीत. गाडीत दोन दिवस तिनं पाणीसुद्धा बेतानं प्यायलं, कारण जागेवरून उठायची भीती. दिल्लीत न्यायला आलेल्या पोरीच्या आधी ती मेट्रोत चढली आणि दार लागलं तेव्हा पोरगी बाहेर राहिली होती. काचेपलीकडं तिचा हात हलताना दिसला आणि गाडी सुटली. पुढच्या स्टेशनात गोदी उतरली आणि एका खांबाला पाठ लावून उभी राहिली, बोचकं पोटाशी धरून. पोरगी मागच्या गाडीनं येऊन पोचली तेव्हाही तिच्यानं खांब सोडवेना.

घरी परतल्यावर तिनं भावाला निक्षून सांगितलं की आता पुन्हा नाही. पण घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चित्रांसमोर थांबणारी माणसं तिला आवडली होती. पुढच्या हिवाळ्यात कच्छच्या रणाकाठी चित्रकारांचं शिबिर होतं. रण म्हणजे काय ते गोदीला ठाऊक नव्हतं. रान असेल असं समजून ती हो म्हणाली.

तिथं ना झाड होतं, ना दगड. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ, आणि वर आभाळ. आमच्या जव्हारकडं माणूस कुठंही उभं राहिलं तरी कुठला ना कुठला डोंगर त्याला ओळखीचा असतो. इथं पाठ टेकायलासुद्धा काही नव्हतं.

शिबिर चालवणारी हेतल सगळ्यांना सांगायची की एकेकट्यानं रणात जाऊन बसा, जे दिसेल ते काढा, फक्त छावणीतली पाण्याची उंच टाकी नजरेआड होऊ देऊ नका. एका सकाळी बाकीचे गेले तशी गोदीही निघाली. मागं एकटं बसलं तर लोक काय म्हणतील, याचीही तिला भीती होती. काखेत चित्राची फळी, हातात पाण्याची बाटली. समोर बघवत नव्हतं म्हणून ती खाली बघत चालली. मिठाला तडे जाऊन मधाच्या पोळ्यासारखी घरं पडली होती. ती बघता बघता गोदी किती लांब आली ते तिला कळलं नाही. मान वर केली तर टाकी नव्हती.

ती गर्रकन फिरली. चारी बाजूंना सारखंच. लांब पाणी चमकत होतं, आणि तिकडं दोन पावलं टाकली की ते मागं सरकत होतं. पावलांचे ठसे शोधायला गेली तर मीठ दगडासारखं टणक, ठसा म्हणून नाही. तिनं हेतलला हाक मारली. मग जिवाच्या आकांतानं ओरडली. आमच्या दरीत हाक मारली तर समोरचा डोंगर ती परत देतो. इथं हाक गेली ती गेलीच. तोंडातून निघालेला आवाज असा नाहीसा होतो हे तिनं पहिल्यांदा ऐकलं.

मग ती पळत सुटली. कुठं पळतेय ते तिलाही माहीत नव्हतं. पळता पळता पायाखालचं मीठ पापडासारखं मोडलं आणि ती गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात गेली. लावणीचा चिखल तिच्या पायांच्या ओळखीचा होता. त्याला खाली तळ असतो. याला तळ लागेना. एक पाय उपसायला जावं तो दुसरा आणखी आत जाई. तिला दाराच्या फटीतून दिसलेली शेळी आठवली. पाय झाडत ओढली गेलेली. माझंही तसंच होणार, असं वाटून ती मोठ्यानं रडली.

रडून दम गेला तशी ती पुढं झुकली. काखेतली फळी मिठावर आडवी टाकली, छाती तिच्यावर टेकली आणि सुसरीसारखी पोटावर सरपटत बाहेर आली. एक चप्पल आत राहिली. टणक जागी पोचल्यावर ती तशीच पालथी पडून राहिली. उभं राहायची हिंमत नव्हती. उभं राहिलं की पुन्हा ते सगळं पांढरं दिसणार.

ऊन डोक्यावर आलं होतं. गोदीनं फळी डोक्यावर धरली आणि बसून राहिली. सकाळी निघताना काय काय दिसलं ते ती आठवू लागली. तिची स्वतःची सावली पुढं पडली होती, लांब. सावलीमागून ती इथवर आली होती. लहानपणी गुरं वळताना दुपारनंतर सावली उलटी फिरते हे तिनं रोज पाहिलं होतं. म्हणजे ऊन कलल्यावर सावली पुन्हा पुढं धरून चाललं तर जिथून निघालो तिकडंच जाऊ. विचार सोपा होता. पण त्यासाठी ऊन कलेपर्यंत तिथंच बसायला हवं होतं, आणि बसणं पळण्याहून कितीतरी कठीण होतं. पाण्याचा एकेक घोट घेत ती आपल्या सावलीकडं बघत राहिली. सावली पायांखालून निघेना. एकदा तिला वाटलं, आज ती फिरायचीच नाही.

शेवटी ती बोटभर सरकली, मग वीतभर. हातभर झाल्यावर गोदी उठली आणि एका पायात चप्पल घालून तिच्या मागून निघाली. मान वर केली नाही. पुढचं मीठ फळीनं ठोकून बघायची आणि मग पाऊल टाकायची. खूप वेळानं डाव्या अंगाला गाडीचा आवाज आला. जीपमधून हेतल उतरली आणि गोदीला मिठी मारून रडायला लागली. गोदीला वाटलं, आता हिला मीच समजवायचं की काय.

शिबिर संपेपर्यंत गोदी तंबूतून हलली नाही. तिनं एकच चित्र काढलं. कापड जवळजवळ रिकामं, आणि चारी कडांना डोंगर. डोंगर इथं कुठं आहेत, असं हेतलनं विचारलं. ते नसते तर मला हे काढताच आलं नसतं, एवढंच गोदी बोलली.

घरी आल्यावर तिनं भावाला सगळं सांगितलं. तू असतास तर असं झालं नसतं, तुला भीती म्हणून माहीत नाही, असं ती म्हणाली. तुळशीदास वाकड्या तोंडानं एकेक शब्द जुळवत बोलला.

"गोदे, रंग कालवायला तुला नेत नव्हतो मी. रंग काय, मला कालवता येत होता. एकट्यानं जायचं भेव वाटायचं."

गोदीला आधी कळलंच नाही.

"दिल्लीला पहिल्यांदा एकटाच गेलेलो," तो म्हणाला. "स्टेशनातून बाहेरच पडलो नाही. तिथूनच माघारी आलो. घरी सांगितलं, प्रदर्शन रद्द झालं. मग तुला न्यायला लागलो. तू शर्ट धरायचीस, मग मला घाबरता यायचं नाही."

"तवाच सांगायचंस ना."

"तवा सांगितलं असतं तर दोघंबी जव्हारच्या स्टँडवरनंच घरी आलो असतो."

गोदी उठून मागच्या दारी गेली. तिला हसू आलं नाही, बरंही वाटलं नाही. राग आला. इतकी वर्षं ती एकटीच भित्री म्हणून पाड्यावर हसं करून घेत होती, आणि हा आपली भीती लपवून तिच्या पुढं चालत होता. काही दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. भाकर वाढायची, हात धुवायला पाणी द्यायची आणि निघून जायची. मग एका दुपारी त्याच्या डाव्या हातात तिनं काडी दिली आणि त्याच्यासमोर कापड पसरलं. रेघ वाकडीतिकडी आली. तिनं ती पुसली नाही. तिथूनच पुढं आपलं चित्र काढायला बसली.

यंदा तिला बंगळूरला एका शाळेच्या भिंती रंगवायला बोलावलं. ती एकटीच गाडीत बसली. समोर एक अनोळखी बाई होती, मांडीवर डबा घेऊन बसलेली. गोदीनं तिच्याकडं पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग जे भावाला एवढ्या वर्षांत कुणाशी बोलता आलं नव्हतं ते ती आपल्या मोडक्या हिंदीत बोलून गेली.

"मेरे को डर लगता है. तुम इधर बैठो ना, मेरे पास."

बाईनं काही विचारलं नाही. डबा उचलला, पदर सावरला आणि गोदीच्या शेजारी येऊन बसली. गाडी घाटात शिरली तेव्हा दोघी लिंबाचं लोणचं आणि पोळी खात होत्या, आणि बाई सांगत होती की मलाही बोगद्याची फार भीती वाटते.