वर्नाबाईंच्या माळ्यावरची चिठ्ठी

आधीच सांगून टाकते, मर्लची काही चूक नव्हती. माझी होती.

मर्ल स्टेनरुड, माझा नवरा. आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात नाकातला श्वाससुद्धा गोठतो, म्हणून घरातली ऊब वरून निसटू नये यासाठी तो लोकांच्या माळ्यांवर दळलेल्या रद्दीचा भुगा भरतो. मर्ल वर पाइप धरून पोटावर सरपटणार, मी खाली ट्रकमध्ये गठ्ठे फोडून मशीनमध्ये घालणार. एकतीस वर्षं हेच. भरून झालं की किती गठ्ठे गेले तो आकडा मी ओरडून सांगते, मर्ल तो चिठ्ठीवर लिहून, सही करून चिठ्ठी तुळईला ठोकतो.

ऑक्टोबरात आम्ही वर्ना हॉकानेनबाईंचा माळा भरला. पाच वाजता माझ्या बोलिंग संघाचा अंतिम सामना होता. आमच्या मशीनला हवेचा दांडा असतो. तो वाढवला की भुगा फुगतो, माळ्यावर उभ्या केलेल्या मापाच्या पट्टीवर सोळा इंच दिसतो आणि दोन महिन्यांत खाली बसतो. मर्ल त्याला 'हवा विकणं' म्हणतो आणि असं करणाऱ्यांशी बोलतसुद्धा नाही. मी दांडा वाढवला. उरलेले चौदा गठ्ठे ताडपत्रीखाली ढकलले आणि ओरडले, "चाळीस!"

आम्ही सामना जिंकलो. करंडक फ्रिजवर आहे. मेला, दूध काढायला गेलं की दिसतो.

जानेवारीत आळीतल्या सगळ्या छपरांवर हातभर बर्फ, आणि वर्नाबाईंचं छप्पर काळंभोर, उघडं. आतली ऊब वर जाऊन बर्फ वितळवत होती. आमच्याकडे हे शेंबडं पोरही ओळखतं. कॉफीच्या दुकानात शेजारचा ड्वेन म्हणाला, "काय रे मर्ल, वर्नाबाईंकडे उन्हाळा लागला वाटतं?" सगळे हसले. मर्लने केकचा तुकडा बशीत तसाच ठेवला आणि उठला. मी खाली मान घालून माझा संपवला.

वर्नाबाई स्वयंपाकघरात कोट-टोपी घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं, वय झालं म्हणून वाजतेय थंडी. उगीच कशाला तुम्हाला त्रास द्यायचा?"

मर्लने टोपी काढली. "बाई, माप चुकलं माझं. आजच भरून देतो, फुकट." आणि मी? मूग गिळून बुटांकडे बघत उभी. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

त्याने शिडी लावली तशी मी म्हणाले, "मी जाते वर."

वर पट्टीवर नऊ इंच. शेजारी चिठ्ठी: चाळीस गठ्ठे, खाली मर्लचं वळणदार नाव. ती उपटून खाली आणली आणि दोघांसमोर टेबलावर ठेवली.

"चाळीस नाही, सव्वीस. मला खेळायला जायचं होतं. याला काही माहीत नव्हतं."

वर्नाबाईंनी चिठ्ठी वाचली. "जिंकलात का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि टोपी कानांवर ओढून घेतली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मर्लने खिशातलं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी त्याचं नाव खोडून माझं लिहिलं, आर्लिस स्टेनरुड. त्या दिवशीच उरलेले चौदा भरले.

तेव्हापासून काम झालं की मी आकडा ओरडते, आणि मर्ल शिडी उतरून ट्रकमागे येतो, गुडघ्यावर बसून गठ्ठ्यांची रिकामी पोती एकेक करून मोजतो. एकतीस वर्षांत त्याने ती कधी मोजली नव्हती.