पौर्णिमेच्या उधाणाचे जाळे

सगुणाबाई रोह्याजवळच्या अष्टमी गावात माझ्या शेजारी एकोणतीस वर्षे राहिल्या. त्यांच्याविषयी लिहावे एवढा काही मी लिहिणारा नाही. पण तो चैत्रातला दिवस पाहिलेले आता आम्ही दोघेतिघेच उरलो आहोत.

त्या पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा विशीच्या असतील. मी गागोद्याकडचा, भातशेतीतला. पोस्टात नोकरी लागली म्हणून त्यांच्या सासऱ्यांच्या, बाबाजींच्या, घराला लागून खोली घेतली होती.

कुंडलिका नदीला मिळणारा खाडीचा एक अरुंद फाटा आहे. चैत्रात उधाणाच्या पाण्याबरोबर बोय, कोळंबी, एखादा जिताडा त्यात शिरतो. ओहोटीला फाट्याच्या तोंडावर खुंट रोवायचे आणि जाळे चिखलात निजवून ठेवायचे. पाणी पुरते चढले की होडीतून खुंटाखुंटाशी जाऊन, दोर ओढून जाळ्याची वरची कड वर बांधायची. मग पाणी उतरते आणि मासे आत राहतात. भावकीतल्या घरांनी उधाणे वाटून घेतली होती. ज्या घराला आपली पाळी सांभाळता येणार नाही, त्याची पाळी कायमची पुढच्या घराकडे जाई. बाबाजींकडे पौर्णिमेची पाळी होती. तीच मासळी वाळवून त्यांचा पावसाळा निघे.

त्या वर्षी बाबाजी तापाने अंथरुणाला खिळले. सगुणाबाईंचा नवरा काळुराम कंपनीत नुकताच लागलेला, पहिली शिफ्ट, रजा मिळेना. पुढची पाळी चुलतदीर सखाची. बायकांच्या हाताने जाळे उचलायचे नाही, असे तो चारचौघांत बोलून गेला. सगुणाबाईंनी दाराआडून सांगितले की जाळे उचलले जाईल, वेळेवर उचलले जाईल.

रविवार होता. होडीत सगुणाबाई आणि नणंद मैना. माझ्याकडे मनगटी घड्याळ होते म्हणून मला काठावर बसवले होते. सखाही येऊन वडाच्या मुळीवर बसला. मैना बाबाजींना आबा म्हणे. ती म्हणाली, "वयनी, आबांना इचारून येऊ का येळ?"

"भरतीची येळ काय इचारायची गो? आगराची उघाडी मी उभा जनम धरलीय. पंधरा पावणे सव्वाअकरा."

उघाडी म्हणजे मिठागरात भरतीचे पाणी घेण्याचे दार. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा खाडीवरचा हिशेब मलाही तेव्हाच कळला. सव्वाअकरा झाल्याचे मी ओरडून सांगितले. दोघींनी चाळीस खुंटांवर जाळे उचलून बांधले. फाटा बंद झाला.

पाण्यावरून एक वाळलेली फांदी अजून आतच चालली होती. ती मी पाहिली. पण पाण्यातले मला काय कळते, म्हणून गप्प राहिलो. सखाने ती पाहिलीच असणार. तो विडी ओढत म्हणाला, "वयनी, बाहेरच्या माशांना काय सांगावा धाडू? उद्या या म्हनून?"

मैना हसायला गेली आणि थांबली. सगुणाबाईंनी होडी शेवटच्या खुंटाला बांधली होती. तिची मोकळी बाजू फाट्याच्या आतल्या अंगाला वळून ताणली गेली होती. पाणी अजून चढत होते. त्यांच्या माहेरी समुद्र जवळ. इथे रोह्यापर्यंत चढून यायला पाण्याला आणखी वेळ लागतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. खरी मासळी बाहेर अडली होती.

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, आमच्या आबांना इचारून या. सांगा, सगुणा चुकली, पानी कवा फिरंल?"

मी पळत गेलो. बाबाजींनी डोळे न उघडताच सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "आमचं पानी साडेबाराच्या पुढं फिरतं. जालं सोड म्हनावं. घाबरू नको म्हनावं."

मी परत आलो तो गाठी सुटायला लागल्याच होत्या. सखा उठून उभा राहिला होता. उचललेले जाळे कोणी पुन्हा निजवत नाही, असे तो म्हणत होता. सगुणाबाई दात लावून गाठ सोडत होत्या. एवढेच म्हणाल्या, "मंग आज बघून ठेवा, भाऊजी."

चाळीसही दोर ढिले झाले, जाळे पुन्हा तळाला गेले. आम्ही वाट पाहिली. मी घड्याळाकडे बघत होतो, त्या होडीच्या टोकाकडे. साडेबारा झाले, पावणेएक झाला. होडी सैल पडली, जागच्या जागी डुलली आणि सावकाश उलटी वळली. त्या दोघींनी एका दमात जाळे बांधून काढले.

पाणी उतरू लागल्यावर आधी काहीच दिसेना. मैना रडवेली झाली. मग जाळ्यालगत एक बोय उडाली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता तो अरुंद पट्टा चांदीसारखा हलू लागला. अकरा पाट्या भरल्या, आणि हाताएवढे दोन जिताडे. शेवटच्या पाट्या काठावर ओढायला सखा स्वतः गुडघाभर चिखलात उतरला. पाळीचे नाव त्याने काढले नाही, पुढेही कधी कोणी काढले नाही.

सगुणाबाई चिखलातच बसून राहिल्या. मैनाने घरी चल म्हटले तर म्हणाल्या, "थांब गो जरा. हातपाय माझे नाय राह्यले." आणि दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या.