फेट्याखालचं डोकं

"फेटा तेवढा काढायचाय, मॅडम. बाकी फोटो एकदम छान आहे," मंदार म्हणाला.

'तेवढा' हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवरच्या मजल्यावर माझं फोटो रिटचिंगचं काम चालतं. लोक जिना चढून येतात आणि सांगतात, मागची स्कूटर तेवढी काढा, कचऱ्याचा डबा तेवढा काढा, आमचे आधीचे जावई तेवढे काढा. जणू काही या गोष्टी फोटोवर आणून ठेवल्यात आणि मी फक्त उचलून बाजूला करायच्या आहेत.

मंदार हिंजवडीला आयटीत नोकरी करणारा, तिशीतला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. सोबत त्याचे काका, म्हणजे गेलेल्यांचे धाकटे भाऊ, आले होते.

फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. त्यात नवल नाही. पुण्यात साठीच्या पुरुषाचा, कॅमेऱ्यात बघून हसणारा फोटो शोधायला गेलात तर तो लग्नातच सापडतो. आणि हल्ली कार्यालयाच्या दारातच फेटे बांधणारा बसवलेला असतो. समोर येईल त्याच्या डोक्याला तो फेटा गुंडाळतो. मंदारकडे दुसरा पर्याय आधार कार्डावरच्या फोटोचा होता. तो त्याने दाखवला, मी पाहिला, आणि दोघांनीही तो विषय सोडला.

"फेट्यातलाच लावा की. चांगले दिसतायत," मी म्हटलं.

"अहो बाई, गुलाबी फेटा आहे तो," काका म्हणाले. "माणूस गेलाय आमच्या घरातला. लोक भेटायला येणार आणि हा वरातीला निघाल्यासारखा हसत बसणार का?"

मुद्दा बरोबर होता. मी विचारलं, "फेट्याखाली केस कसे होते?"

मंदार म्हणाला, "नॉर्मल."

काका म्हणाले, "भरपूर. आमच्या घराण्यात टक्कल नाही." हे सांगताना त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काही काढली नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. फोटोतून वस्तू काढली की तिथे भोक पडतं. ते भोक कशाने तरी भरावं लागतं. मागे भिंत असेल तर शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून तिथे चिकटवतात, त्याला आम्ही क्लोन करणं म्हणतो. शेजारी उचलण्यासारखं काही नसेल तर हल्ली सॉफ्टवेअर अंदाजाने भरून देतं. पण फेट्याखाली काय होतं हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. त्याने पहिल्या झटक्यात मंदारच्या वडिलांना शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीतल्या माणसाचे केस दिले.

मग सुरू झाली करेक्शन्स. मंदारने त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि मला त्यात घातलं. नाशिकची बहीण म्हणाली, बाबांचा भांग डावीकडे होता. काकांनी लिहिलं, उजवीकडे. कुणीतरी म्हणालं, कपाळ मोठं वाटतंय. कपाळ लहान केलं तर चेहरा आजारी वाटायला लागला. मग डोळ्यांखालचं काळं काढा, गालावरचे डाग काढा, शर्टावरच्या अक्षता काढा, शेजारच्याचं कोपर काढा. काढलं सगळं. एक मावसभाऊ, ज्याला मी कधी पाहिलंही नाही, त्याने लिहिलं, "थोडे फ्रेश करा ना." अहो, गेलेल्या माणसाला आणखी किती फ्रेश करायचं? हे मी टाइप केलं आणि खोडलं.

शेवटी एक फोटो सगळ्यांना पसंत पडला. ग्रुपवर उभ्या अंगठ्यांची रांग लागली. त्या फोटोत कुणाचाच माणूस नव्हता, म्हणून तो सगळ्यांना चालला, असं माझं मत. मी मंदारला फोन केला. "आईंना दाखवलात?"

"आईला आता कशाला त्रास द्यायचा?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आवाज पार उतरलेला. "मॅडम, आईने फोटो बघितला आणि विचारलं, हे कोण? म्हणाली, हा माझ्या घरात लावायचा नाही. सकाळपासून जेवली नाहीये. परवा तेरावा आहे. आणि आत्ता ती तुमच्याकडेच यायला निघालीय."

सुतकात बाईने घराबाहेर पडायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. मंदारच्या आईंनी तरी चपला घातल्या होत्या. मंदारला सोबत घेऊन जिना चढून आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ विषयालाच हात घातला.

"ताई, रोज सकाळी दिवा लावताना हा फोटो माझ्यासमोर असणार. मी परक्या माणसासमोर दिवा लावत बसू का?"

मी मूळ फोटो स्क्रीनवर उघडला. मंदार खाली बघत होता.

"मग फेट्यातलाच लावायचा का?" मी विचारलं.

"नको. त्यांना फेटा मुळीच सहन व्हायचा नाही. हा फोटो झाल्या झाल्या त्यांनी तो डोक्यावरून उतरवून ठेवला होता. मी शेजारीच होते."

"काढल्यावर कसे दिसत होते?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत मी ग्रुपवर कुणालाच विचारला नव्हता, कारण तिथे विचारायला जागाच नव्हती.

त्या सांगायला लागल्या. "पुढचे केस गेलेलेच होते. मागचे पांढरे, घामाने चिकटलेले. एक बट मात्र ताठ उभी. मी म्हटलं, केस सारखे करा, माणसं बघतायत. तर म्हणाले, माणसं जिलबीकडे बघतायत." त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आणि कपाळावर लाल वळ उठला होता. आवळून बांधला होता ना त्या मेल्या फेटेवाल्याने. मी बोटाने चोळला, तरी जाईना."

मी सगळ्यांची करेक्शन्स पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. डोळ्यांखालचं काळं परत आणलं, गालावरचे डाग परत आणले. केस त्या सांगतील तसे. "अजून विरळ," त्या म्हणायच्या. "अजून." उभी बट रंगवली तेव्हा मंदार पहिल्यांदा बोलला, "हो. अशीच असायची."

मग वळ. आयुष्यभर मी लोकांच्या कपाळावरचे डाग, पुटकुळ्या, आठ्या काढत आले. डाग नव्याने घालायची ही पहिलीच वेळ. हलका लाल रंग घेतला आणि भुवयांच्या वर एक पट्टा ओढला.

"जरा वर," त्या म्हणाल्या. "डावीकडे जास्त होता."

तसं केलं. पदर डोळ्यांना लागला. म्हणाल्या, "हां. आता म्हणतील, चला, पंगत बसली." आठवडाभर मी या घराण्यावर धुमसत होते. तो सगळा राग त्या वाक्यासरशी गेला, आणि मीही डोळे पुसले.

मंदारने फोटो तिथूनच ग्रुपवर टाकला. लगेच काकांचा फोन. मंदारने स्पीकर लावला.

"उत्तम झालाय. फक्त कपाळावरची ती लाल रेघ काढायची राहिलीय. तेवढी काढायला सांग."

मंदारच्या आईंनी फोन हातात घेतला. "भावजी, ती राहू दे," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून असं काम आलं की मी आधी एकच विचारते, हा फोटो रोज कोण बघणार आहे? मग फक्त त्या माणसाशी बोलते. बाकीच्यांना फायनल प्रिंट झाल्यावर पाठवते. करेक्शन्स तरीही येतात.